दरज विटेपेक्षा मऊ हवी

लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या आमच्या घराची पुढची भिंत दोनशे वर्षं नीट उभी राहिली आणि अलीकडे झडायला लागली. दर हिवाळा सरला की पहिल्या मजल्याच्या खिडकीखालच्या दगडी पट्टीवर पिवळट भुकटी आणि नखाएवढे पापुद्रे साठलेले असायचे. रस्त्यावरून भिंत ठीकच दिसायची. खिडकीतून अंग बाहेर काढून पाहिलं की खरा प्रकार कळायचा. विटेचं तोंड गळून पडलेलं, आतला भुसभुशीत गाभा उघडा, आणि चारी बाजूंची राखाडी सिमेंटची दरज, म्हणजे विटांमधला सांधा, मात्र जशीच्या तशी, विटेच्याही पुढे आलेली. आत दिवाणखान्यात त्याच जागी भिंतीला लोणा लागला होता आणि रंगाचे पोपडे सुटत होते.

त्या भिंतीच्या दुरुस्तीचा हा अनुभव आहे. इंग्लंडात अशा जुन्या, रांगेतल्या विटांच्या घरांत आता पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्यातल्या कुणाच्या भिंतीवर उद्या सिमेंटची थापी चालणार असेल तर ती थांबावी, एवढ्याचसाठी तपशिलात लिहिते आहे.

आमची रांग १८२० च्या दशकातली. घरं एकमेकांना खेटून, सामायिक भिंतींनी जोडलेली, उंच आणि चिंचोळी. खाली तळघर, त्यावर तीन मजले. दर मजल्यावर एक खोली रस्त्याकडे, एक मागे, आणि मागच्या कोपऱ्यात जिना. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच, कारण पाहुण्यांची बैठक तिथे. वर जावं तशा त्या लहान होत जातात. छप्पर रस्त्यावरून दिसतच नाही. कठड्याआड दोन्ही बाजूंनी ते मध्ये उतरतं आणि मधल्या पन्हळीतून पाणी मागच्या बाजूला जातं. चॉक फार्मजवळ किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर मराठी माणसाला माहीत असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. ते आमच्या घरापेक्षा बरंच नंतरचं, पण लंडनच्या त्याच घराण्यातलं. तिथल्या संग्रहालयाच्या परवानगीचा वाद २०२० मध्ये थेट मंत्र्यांच्या निर्णयानं मिटला. इथे घराच्या वापरापासून दाराच्या रंगापर्यंत कुठे कुठे परवानगी आड येऊ शकते, याचा अंदाज त्यावरून यावा.

या घरांचा चेहरा आगीच्या भीतीनं घडवला आहे. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर १६६७ च्या कायद्यानं लंडन शहरात घरं विटांची किंवा दगडाची हवीत असं ठरवलं आणि भिंतींची जाडीही नेमून दिली. १७०७ मध्ये लाकडी वळचणीला बंदी आली, म्हणून भिंत छपराच्या वर नेऊन कठडा करायची पद्धत पडली. १७०९ मध्ये खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून चार इंच आत घ्यायला लावली. १७७४ च्या कायद्यानं ती चौकट विटेच्या मागे दडवली आणि घरांचे चार दर्जे ठरवले. आमच्या दारासमोर उभं राहून वर पाहिलं की हे सगळे कायदे भिंतीवर ओळीनं वाचता येतात. आगीच्या आधीची रांग पाहायची असेल तर न्यूइंग्टन ग्रीनला जावं. तिथली ५२ ते ५५ क्रमांकाची चार घरं १६५८ सालची आहेत. लंडनमधली शिल्लक राहिलेली सर्वांत जुनी विटांची रांग तीच मानली जाते.

निदानाकडे येते. सुरुवातीला ओल घालवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. दोन टोचण्यांचं यंत्र त्यानं भिंतीला लावलं, आकडा दाखवला आणि बाहेरून पाणी न धरणारं रसायन फवारून आतून सिमेंटचा गिलावा करायचा सल्ला दिला. दर छापील होता, हमीपत्रही मिळणार होतं. आम्ही थांबलो. विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये सुरू केलेली, जुन्या इमारती जपणारी 'स्पॅब' ही संस्था फोनवर मोफत तांत्रिक सल्ला देते. तिथे बोलल्यावर ठरलं की, काही विकत नसलेला, जुन्या इमारतींचा जाणकार सर्व्हेअर फी देऊन बोलवायचा.

त्यानं यंत्र काढलंच नाही. आधी कठड्यामागची पन्हळ पाहिली, मग पावसाचे नळ, मग भिंत. लंडनची पिवळी 'स्टॉक' वीट सच्छिद्र असते. पावसात ती पाणी पिते आणि वाऱ्याला-उन्हाला सोडून देते. दरजेत चुना असेल तर ते पाणी जास्त करून दरजेतून बाहेर जातं, कारण चुन्याची दरज विटेहून मऊ आणि सच्छिद्र. सिमेंटनं ती वाट बंद झाली की पाणी विटेतच अडकतं. आतले क्षार विटेच्या तोंडामागे साठून स्फटिक होतात, गोठणबिंदूखालच्या रात्री पाण्याचा बर्फ होऊन फुगतो, आणि दोन्ही मिळून तोंड ढकलून देतात. शिवाय जुनी भिंत ऋतूनुसार किंचित हलते. चुना ते हलणं सोसतो. सिमेंट विटेपासून सुटतं आणि केसाएवढ्या फटीतून पाऊस आत घेतं, पण बाहेर सोडत नाही. दरज झिजण्यासाठीच असते, असं तो म्हणाला. ती शंभरेक वर्षांनी पुन्हा भरता येते. या मातीची, या भट्टीतली वीट पुन्हा मिळत नाही.

त्या दिवशी बाबांना सासवडला फोन केला.

"बाबा, इथे सगळं सिमेंट खरवडून चुन्याच्या दरजा भरायच्या म्हणतात."

"मग बरोबरच आहे की. आपल्या वाड्याला कधी सिमेंट लागलं होतं का? तुझ्या काकांनी मोरी बांधताना लावलं, तिथूनच भिंत फुगली."

मग ते चुन्याच्या घाणीबद्दल बोलत राहिले. लहानपणी त्यांनी ती चालताना पाहिली होती. गोल दगडी चर, त्यातून फिरणारं जड चाक, ते ओढणारा बैल, आणि पाणी शिंपत, वाळू सारत बसलेला माणूस. चुना जितका मळला जाईल तितका तो धरतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पुढे इथली गवंडीकाम करणारी बाई नेमकं तेच बोलली, तेव्हा मला बाबांना लगेच कळवावंसं वाटलं.

आमचं घर ग्रेड टूच्या यादीत, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत आहे. १९९० च्या कायद्यानुसार अशा घराचं स्वरूप बदलेल असं काम विनापरवानगी करणं हा फौजदारी गुन्हा आहे. जसं होतं तसंच दुरुस्त करण्याला नेहमी परवानगी लागते असं नाही. पण आम्हाला अख्ख्या दर्शनी भिंतीच्या दरजा बदलायच्या होत्या आणि भिंतीत पोलादी बंधही घालावे लागतील असं दिसत होतं, म्हणून कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्यांनी अर्ज करायला सांगितलं. या अर्जाला फी नसते. निर्णयाची ठरलेली मुदत आठ आठवडे. खरा वेळ जातो तो कागद तयार करण्यात. भिंतीचं मोजमापाचं रेखाचित्र, जवळून काढलेले फोटो, कामाची पद्धत पायरीपायरीनं, आणि या घरात महत्त्वाचं काय आहे हे सांगणारं टिपण. हे टिपण मी स्वतः लिहिलं आणि त्याचा मला सर्वांत जास्त फायदा झाला. 'द लंडन आर्काइव्ह्ज' या (पूर्वी लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज म्हणवणाऱ्या) दप्तरखान्यात सन फायर ऑफिस या विमा कंपनीची जुनी रजिस्टरं आहेत. घर विटांचं की लाकडाचं, याची नोंद त्यांत असे, कारण विम्याचा हप्ता त्यावर ठरे.

ही घरं बांधली कशी गेली हेही तिथे उमगलं. जमीनदार जमीन विकत नसे. तो बहुधा ९९ वर्षांच्या करारानं भूखंड देई, आणि सुरुवातीला, घर उभं राहीपर्यंत, भाडं नाममात्र ठेवी. लहान बांधकामदार उधारीवर भिंती आणि छप्पर उभं करत आणि आतलं काम पुरं व्हायच्या आत गिऱ्हाईक शोधत. पैसा दिसेल तिथे लावायचा, दिसणार नाही तिथे वाचवायचा. त्यात १७८४ पासून १८५० पर्यंत विटांवर कर होता. आमच्या भिंतीचं दुखणं काही अंशी या हिशोबातही होतं, ते परांची चढल्यावर कळलं.

खर्चाबद्दल एक सांगते. यादीतल्या घरांच्या मंजूर बदलांना पूर्वी व्हॅट माफ होता. ती सवलत ऑक्टोबर २०१२ मध्ये गेली. आता पूर्ण २० टक्के भरावा लागतो. घर जपण्याची सक्ती आणि जपण्यावर कर, हे मला आजही पटत नाही.

परांचीवर भिंत हातभर अंतरावरून दिसली आणि मी तासन्‌तास तिथे राहिले. विटांची बांधणी फ्लेमिश बाँडची, म्हणजे एकाच थरात एक वीट लांबीनं, पुढची टोकानं, पुन्हा लांबीनं. कोपऱ्याशी आणि खिडकीच्या कडेला अर्धी चिरलेली वीट घालून हा क्रम जुळवला आहे. विटेच्या पिवळ्या अंगात काळे ठिपके आहेत. लंडनच्या घरोघरच्या चुलींची राख गोळा करून, चाळून वीटवाल्यांना विकली जाई. मातीत ती आणि खडूची भुकटी मिसळत. खडूनं वीट पिवळी होई आणि राखेतले अर्धवट जळालेले कण भट्टीत आतूनच पेटून वीट भाजत. म्हणजे शहरानं आपल्याच चुलीच्या राखेवर आपल्या भिंती भाजून घेतल्या. हे समजल्यापासून त्या काळ्या ठिपक्यांकडे माझी नजर वेगळ्या आस्थेनं जाते.

खिडक्यांवरच्या सपाट कमानी तर अप्रतिम आहेत. मऊ विटा घासून पाचरीच्या आकाराच्या केल्या आहेत आणि दोन विटांमध्ये लोण्यासारख्या मऊ, निव्वळ चुन्याची, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची पांढरी रेघ. त्या रेघांवरही कुणीतरी सिमेंट फासलं होतं.

मग इंजिनिअरनं एका जागी काही विटा काढून आत पाहिलं. टोकानं दिसणाऱ्या विटांपैकी बऱ्याच अर्ध्या तोडलेल्या निघाल्या. महागाची दर्शनी वीट वाचवण्यासाठी ती मधून तोडून दोन ठिकाणी वापरायची, ही त्या काळातली सर्रास युक्ती. त्यामुळे बाहेरचा अर्ध्या विटेचा पडदा आतल्या भिंतीत पुरेसा गुंतलेलाच नव्हता. आतल्या विटा कच्च्या भाजलेल्या, आणि भिंतीत आडवं घातलेलं एक लाकूड ओलीनं पोकळ झालेलं. दुसऱ्या मजल्यापाशी पडदा थोडा पुढे आला होता. ओळंबा सोडल्यावर तो स्पष्ट दिसला. त्यावर उपाय म्हणजे पिळाच्या आकाराचे स्टेनलेस स्टीलचे बंध दरजेतून आतल्या भिंतीत सोडायचे. नाहीतरी दरजा मोकळ्या होणारच होत्या, म्हणून ते बाहेरून कुठेच दिसत नाहीत.

मूळ दरज कशी होती हे ठरवणं सर्वांत अवघड जाईल असं वाटलं होतं. उत्तर खिडकीच्या दगडी पट्टीच्या बरोबर खाली मिळालं. तिथे सिमेंटवाल्याची थापी पोचली नव्हती. फिकट चुना, त्यात राखेचे कण आणि न मिसळलेल्या चुन्याचे पांढरे दाणे. दरज विटेशी सपाट आणि तिच्या मधोमध जुन्या पेनी नाण्याच्या कडेनं ओढावी तशी बारीक खोल रेघ. शेजारच्या गल्लीतल्या घरांना 'टक पॉइंटिंग' आहे, म्हणजे विटेच्या रंगाचा माल भरून त्यावर पांढऱ्या चुन्याची काटेकोर फीत. ते फार देखणं दिसतं आणि मला त्याचा मोह होता. पण पुरावा हातात असताना दुसऱ्या घराचा दागिना आपल्या भिंतीला घालणं बरोबर नव्हतं. अधिकाऱ्यांनीही तेच ठरवलं. निरनिराळ्या वाळूचे नमुने भिंतीच्या एका पट्ट्यात भरून, वाळवून, त्यांतला एक त्यांनी जागेवर येऊन मंजूर केला आणि मगच काम सुरू झालं.

सिमेंट काढणं हे सगळ्यात जिकिरीचं काम. ग्राइंडर चालवला असता तर आठवड्यात झालं असतं आणि प्रत्येक विटेची कड कापली गेली असती. गवंडीकाम करणारी बाई पन्नाशीची, हाताला विलक्षण हळवी. ती आधी दरजेच्या मधोमध बारीक भोकं पाडायची, मग अरुंद छिन्नीनं सिमेंट मधल्या पोकळीकडे पाडायची, विटेकडे कधीच नाही. खोली दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट, साधारण इंचभर. जिथे सिमेंट विटेला इतकं घट्ट बसलं होतं की सोबत वीटच निघेल, तिथे तिनं ते तसंच राहू दिलं. एक-दोन तुकडे अजून आहेत आणि मला ते मुळीच खुपत नाहीत.

भरताना आधी भिंतीवर पाणी मारायचं, नाहीतर कोरडी वीट चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि दरज पिठासारखी गळते. माल घट्ट. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. तो थापीच्या पाठीवर घेऊन दरजेएवढ्या अरुंद लोखंडी पट्टीनं आत दाबत जायचं, पोकळी राहू द्यायची नाही. जरा आवळला की ताठ ब्रशनं ठोकायचं, म्हणजे वाळूचे कण वर येतात. मग पट्टी धरून रेघ. त्यावर ओलं तरट. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो हळूहळू पुन्हा दगड होतो आणि त्याला ओलावा लागतो. म्हणून तरट रोज ओलं ठेवायचं, ऊन-वारा लागू द्यायचा नाही, आणि पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर काम बंद. हे काम एप्रिल ते सप्टेंबरच्या आत उरकायचं असतं.

तोंड गेलेल्या विटांपैकी बऱ्याच तिनं अलगद काढून उलट्या फिरवून बसवल्या. मागचं तोंड दोनशे वर्षं अंधारात राहिलेलं, ताजं पिवळं. एका विटेवर ओली असताना ती उचलणाऱ्याची बोटं उमटलेली होती. ती तिनं मला दाखवली आणि मग ती बाजू वरच्या थराखाली जाईल अशी बसवली. उरलेल्या जागी जुन्या स्टॉक विटा मापानं निवडून आणल्या. काजळीनं काळ्या पडलेल्या भिंतीत या विटा पिवळ्याधमक उठून दिसत होत्या, तेव्हा काजळीचं पाणी फडक्यानं पुसून त्यांचा रंग उतरवला. अख्खी भिंत घासून पिवळी करावी असं काही शेजाऱ्यांचं म्हणणं होतं. मला ते मान्य नाही. ती काजळी लंडनच्या कोळशाच्या काळाची आहे आणि घासल्यानं विटेची भाजलेली कातडीच निघते.

रांगेतल्या घराची भिंत आपल्या हद्दीवर थांबत नाही. आमच्या आणि डावीकडच्या घराच्या विटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, दोन्ही घरं एकाच वेळी उठली. उजवीकडे मात्र वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट आहे. तिथे दुसऱ्या बांधकामदाराचा भूखंड सुरू झाला. डावीकडच्या आजी अनेक दशकं तिथे राहतात. परांचीचा खर्च वाटून घेऊन त्यांनीही आपली भिंत करून घेतली आणि तिचा वेगळा अर्ज मी भरला. उजवीकडच्यांनी नाही म्हटलं. तिथे सिमेंट आहे, पापुद्रे पडतात, आणि त्या उभ्या फटीपाशी रंग बदललेला दिसतो. अख्खी रांग एकत्र व्हायला हवी होती, असं मला फार वाटतं. तिची रचनाच तशी आहे.

आतला सिमेंटमिश्रित गिलावा पाडून चुन्याचा केला, पण लगेच रंग दिला नाही. जाड भिंत वाळायला साधारण इंचाला महिना धरतात, आणि ओल दोन्ही बाजूंनी निघू द्यायची होती. पुढचा हिवाळा गेला तेव्हा खिडकीच्या पट्टीवर थोडी वाळू सापडली, नव्या दरजेची. विटेची भुकटी नव्हती. गवंडीबाईंना फोटो पाठवला, तर त्या म्हणाल्या, हेच व्हायला हवं.

मागच्या भिंतीचा अर्ज आता तयार होतो आहे. तिथे विटा साध्या आहेत, कमानी खडबडीत, आणि सिमेंट फक्त तळघरापासून पहिल्या मजल्यापर्यंत. पण मधल्या पन्हळीचं शिसं तिथेच जोडाशी फाटलं आहे, म्हणून आधी ते बदलायचं आणि भिंत उन्हाळाभर वाळू देऊन मगच छिन्नी लावायची, असं ठरलं आहे.